चालता खर्ज

‘त्यांचे संगीत कागदावरचे, आपले कंठातले’ हा सिद्धान्त आपल्याकडच्या गप्पांत इतक्या वेळा ऐकू येतो की तो तपासून पाहण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. युरोपीय वादक म्हणजे समोर कागद ठेवून त्यावरच्या ठिपक्यांबरहुकूम बोटे चालविणारा. आपला गवई म्हणजे रागाचे चार नियम मनात धरून तिथल्या तिथे नवी सृष्टी उभारणारा. हे चित्र अलीकडच्या दीडदोनशे वर्षांपुरते पुष्कळसे खरेही आहे. पण त्याच्या आधीची दोनशे वर्षे पाहिली तर मोठी गंमत दिसते. त्या काळातही ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड वाजविणाऱ्याच्या समोर कागद असे. मात्र त्या कागदावर जवळजवळ काहीच लिहिलेले नसे! खालच्या, म्हणजे खर्जातल्या स्वरांची एक ओळ आणि तिच्या माथ्यावर मधूनमधून टाकलेले दोनचार आकडे, एवढाच ऐवज. उरलेले सारे संगीत वादकाने ऐन वेळी, आपल्या बोटांतून निर्माण करावयाचे.

आज ज्याला ‘कॉर्ड’ म्हणतात त्याचे शास्त्र ह्या आकड्यांच्या पोटी जन्माला आले. आता कॉर्ड हा शब्द मराठी घरांनाही नवा राहिलेला नाही. दिवाळीत मुलांसाठी विजेवर चालणारा कीबोर्ड घरी येतो. त्यावरचे एक बटण दाबले की एका बोटाने सबंध वाद्यवृंद वाजू लागतो. आणि चार दिवसांनी मूल विचारते, ‘हे कॉर्ड माझ्या हातांनी कसे वाजवायचे?’ मग बाजारातून पुस्तक आणतात. त्यात पन्नाससाठ कॉर्डांचे कोष्टक असते. कोष्टक पाठ होते, आणि तरीही गाण्याखाली हात घालावयाची वेळ आली की बोटे अडून बसतात. ह्यात मुलाचा दोष नाही. ही विद्या मुळात कोष्टकातून आलेलीच नाही. ती कोणत्या अडचणीतून आली आणि कोणाच्या हातांनी वाढली, हे कळले तर ती शिकण्याची वाटही जरा उजळते.

आधी कॉर्ड म्हणजे काय एवढे पाहू. सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम दाबले की जो भरीव नाद उमटतो तो एक कॉर्ड. स्वर एकाआड एक घ्यावयाचे, एवढीच त्याची साधी घडण. पण नुसत्या ह्या तीन स्वरांत विशेष काही नाही. आपल्या तंबोऱ्यातही षड्ज-पंचम एकत्र वाजतच असतात. खरा फरक निराळाच आहे. आपला खर्ज उभा असतो. मैफल संपेपर्यंत तो जागचा हालत नाही, आणि म्हणूनच त्याच्या भोवती रागाला निर्धास्तपणे फिरता येते. त्यांचा खर्ज चालतो. वर गाणारा एकच षड्ज लांबवीत उभा आहे अशी कल्पना करा. खाली खर्जातही षड्जच आहे, तोवर तो सूर घरी बसल्यासारखा वाटतो. खर्ज मध्यमावर गेला की तोच सूर दारात येऊन उभा राहतो. आणि खर्ज धैवतावर उतरला की त्याच षड्जावर एकाएकी उदास सावली पडते. वरचा स्वर तसूभरही हललेला नाही. हलली ती जमीन. चालत्या खर्जाबरोबर वरच्या स्वरांचे नाते कसे बदलते ह्याचा हिशेब, म्हणजेच कॉर्डचे शास्त्र.

* * *

हा हिशेब प्रथम वादकांनी हातांनी केला. पंडितांनी तो मागाहून कागदावर मांडला. १५५३ साली रोम येथे दिएगो ओर्तिझ ह्या स्पॅनिश संगीतकाराचे एक पुस्तक छापले गेले. व्हायोलच्या जातीचे, गजाने वाजवावयाचे एक वाद्य आणि सोबत हार्पसिकॉर्ड अशी जोडी घेऊन आयत्या वेळी कसे वाजवावे, हे त्यात सांगितले आहे. त्याची एक रीत अशी: हार्पसिकॉर्डवाल्याने ठराविक स्वरांची एक छोटी खर्जाची ओळ, तिच्यावरच्या जुळत्या स्वरांसह, पुन्हा पुन्हा वाजवीत राहावयाचे आणि दुसऱ्याने तिच्यावर नवनव्या ताना रचावयाच्या. आपल्याकडे तबलजीच्या एकल वादनाला सारंगी किंवा पेटी लेहरा धरून बसते, त्याचीच आठवण यावी. लेहरा स्थिर, त्यावरची कारागिरी मोकळी. असल्या फिरत्या खर्जाच्या कित्येक ओळी त्या काळी सर्वांच्या तोंडी होत्या आणि त्यांच्यावर नाच, गाणी व वादन बिनदिक्कत चाले.

पुढे १६०० सालच्या सुमारास इटलीत संगीत नाटक जन्मास आले. नाटकातला गायक शब्दांच्या भावाप्रमाणे थांबणार, धावणार, हुंदका देणार. त्याच्या मागे साथीदाराने सावलीसारखे जावयाचे. सबंध साथ लिहून ठेवली तर साथीदाराचे डोळे कागदात अडकून पडणार! म्हणून फ्लॉरेन्स व रोमकडच्या त्या मंडळींनी गाण्याची ओळ आणि खालचा खर्ज एवढेच छापले व खर्जावर आकडे टाकले. मागोमाग १६०२ साली लोदोविको विआदाना ह्या फ्रान्सिस्कन साधूचे शंभर धर्मगीतांचे पुस्तक व्हेनिसमध्ये निघाले. त्याची अडचण साध्या संसारी माणसाला समजेल अशी होती. चर्चमधली गीते पाचसहा आवाजांसाठी रचलेली असत, आणि प्रत्यक्षात गायक मिळत एक किंवा दोन. उरलेल्या आवाजांच्या जागा रिकाम्या पडत, शब्द तुटत, गीत लंगडे होई. विआदानाने मोजक्या गायकांसाठीच गीते रचली आणि रिकाम्या जागा भरण्याचे काम ऑर्गनवाल्याकडे सोपविले. त्याच्या हाती दिली ती केवळ खर्जाची ओळ.

पाच वर्षांनी, १६०७ साली, सिएनाच्या आगोस्तिनो आगाझारीने ह्या पद्धतीचे समर्थन करताना आणखी एक कारण दिले, ते फार मार्मिक आहे. तो म्हणतो की रोममधल्या एकाच चर्चमध्ये वर्षभरात जे गायले जाते ते सगळे जर ऑर्गनवाल्याने पूर्ण लिहून ठेवावयाचे म्हटले, तर त्याला एखाद्या कायदेपंडितापेक्षाही मोठे ग्रंथालय बाळगावे लागेल. म्हणजे माणसे थोडी, कागद महाग आणि वेळ तर नाहीच. ह्या तीन टंचायांतून ही लघुलिपी निघाली.

त्या लघुलिपीची किल्ली अगदी सोपी आहे. खर्जात गंधार आहे आणि त्याच्यावर ६ हा आकडा आहे असे समजा. गंधारापासून एक, दोन असे मोजत सहाव्यावर जा: ग, म, प, ध, नी, सा. सहावा आला षड्ज. तिसरा, म्हणजे पंचम, न सांगताही घ्यावयाचा असा संकेत. झाले, ग-प-सा. आकडा नसेल तर तिसरा व पाचवा घ्यावयाचा. मात्र हे स्वर वरच्या हाताने कोठे घ्यावयाचे, एकदम दाबावयाचे की सुटे सुटे झुळझुळत सोडावयाचे, मध्ये एखादी तान भरावयाची की गप्प राहावयाचे, हे सारे वादकावर सोडलेले. आपल्या गायनात रागाचे आरोह-अवरोह असतात ना, तसेच हे आकडे. ते वाट दाखवितात. चालावयाचे ज्याचे त्याने.

* * *

ही विद्या सर्वांत खोल रुजली ती मात्र राजवाड्यांत नव्हे, तर अनाथाश्रमांत. नेपल्स शहरात सोळाव्या शतकात पोरक्या आणि गरीब मुलांना सांभाळण्यासाठी चार धर्मादाय आश्रम निघाले; पहिला १५३७ साली आणि शेवटचा १५८९ साली. इटालियन भाषेत सांभाळण्याच्या क्रियापदावरून त्यांना ‘कॉन्झर्व्हातोरिओ’ म्हणत. आज संगीत महाविद्यालयाला ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणतात तो शब्द इथला. त्यात सांभाळावयाचे ते मूळचे संगीत नव्हे, मुले! पोरांनी पोटापुरता काही धंदा शिकावा म्हणून सतराव्या शतकात तेथे संगीत शिकविणे वाढले. चर्चचे सण, मिरवणुका, नाटकगृहे आणि प्रेतयात्रा ह्यांना गाणारे-वाजविणारे सतत लागत. मुले तेथे जात, आणि त्यांच्या मिळकतीवर आश्रमाचा खर्च काही अंशी भागे. तेव्हा सूर चुकला तर तो रसिकतेचा प्रश्न नव्हता, भाकरीचा होता.

चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतलेखक १७७० साली ह्यांतला एक आश्रम पाहावयास गेला. त्याने केलेले वर्णन वाचून हसावे की हळहळावे हे कळत नाही. जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर एक मुलगा जीव खाऊन तुतारी फुंकतो आहे, दुसऱ्या टप्प्यावर दुसरा शिंग फुंकतो आहे, आणि वर एकाच खोलीत सातआठ हार्पसिकॉर्ड, तितकीच किंवा त्याहून अधिक व्हायोलिने आणि कित्येक गळे, ज्याचे त्याचे निराळे गाणे निराळ्या पट्टीत एकाच वेळी चालले आहे. मुले निजत त्याच खोलीत. खाटांचाच बैठकीसाठी उपयोग होई. हिवाळ्यात उजाडण्याआधी दोन तास उठावयाचे आणि वाजवावयास बसावयाचे.

ह्या कोलाहलात मुले काय शिकत? ‘पार्तिमेंतो’ नावाचा धडा. कागदावर खर्जाची एक ओळ; बहुधा आकड्यांसह, आणि पुढल्या धड्यांत तर आकड्यांशिवायही. तिच्यावरून मुलाने हार्पसिकॉर्डवर सबंध रचना उभी करावयाची. प्रथम नुसते कॉर्ड. मग त्यांत एक स्वर आधीच्या कॉर्डातून ओढून धरावयाचा आणि अलगद सोडावयाचा. मग त्यावर चाल गुंफावयाची. शेवटी चाल एका आवाजातून दुसऱ्यात खेळवावयाची. थोरली मुले धाकट्यांना शिकवीत, आणि थोरल्यांना फ्रांचेस्को दुरांते, फेदेले फेनारोली ह्यांच्यासारखे गुरू. फेनारोलीचे नियमांचे पुस्तक १७७५ साली छापले गेले, ते अगदीच लहान आहे. कारण उघड आहे. उत्तरे पुस्तकात नव्हतीच. ती गुरूच्या हातात आणि शिष्याच्या कानात होती. आपल्या घराण्यांतल्या चिजांच्या वह्या पाहिल्या तर त्यांतही अस्थायी-अंतऱ्याच्या चार ओळीच असतात. बढत वहीत नसते, ती तालमीत असते. तसाच हा प्रकार.

ह्या आश्रमांतून कोण बाहेर पडले? पेर्गोलेझी, जो १७३६ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला आणि तरी युरोपभर गाजला. चिमारोझा, जो एका गवंड्याचा मुलगा. त्याचे विनोदी संगीत नाटक १७९२ साली व्हिएन्नात बादशहासमोर झाले. आणि पॉर्पोरा, जो शिकून गायनगुरू झाला आणि म्हातारपणी व्हिएन्नात राहिला. तेथे आवाज फुटल्यामुळे गायकवर्गातून बाहेर काढला गेलेला एक कंगाल तरुण त्याच्याकडे साथीदार म्हणून राहिला. म्हाताऱ्याची हलकीसलकी कामे करीत, त्याच्या शिष्यांच्या गाण्याखाली हार्पसिकॉर्डवर खर्ज भरीत तो शिकला. रचनेची खरी मूलतत्त्वे आपल्याला पॉर्पोरामुळे कळली असे त्याने पुढे कृतज्ञतेने सांगितले. त्या तरुणाचे नाव जोसेफ हायडन.

* * *

पोरक्या मुलांना जे धडे, तेच राजकन्येलाही. लंडनमध्ये हॅण्डेल हा इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्जची मुलगी अ‍ॅन हिला शिकवीत असे. त्याने तिच्यासारख्या शिष्यांसाठी लिहून दिलेले खर्जाचे धडे उपलब्ध आहेत: आधी साधे तीन स्वरांचे कॉर्ड, मग सहाच्या आकड्याचे, मग ओढून धरलेल्या स्वरांचे. नेपल्सच्या मुलाला त्यातून भाकरी मिळवावयाची होती. राजकन्येला काहीच मिळवावयाचे नव्हते. तिला हौस होती. आणि हौशी माणसालाही ह्या वाटेने नेता येते, किंबहुना त्याला ह्याच वाटेने न्यावे, ही गोष्ट त्या काळच्या जाणत्यांना पक्की ठाऊक होती.

जर्मनीत नीट नावाच्या शिक्षकाने १७०० साली एक पुस्तक काढले. त्याच्या आरंभी त्याने एक खुमासदार गोष्ट घातली आहे. एका मुलाने एका मारकुट्या गुरूकडे वर्षानुवर्षे छड्या खाऊन काही तुकडे स्वरलिपीवरून पाठ केले. पण चार वादकांत बसून साध्या खर्जावर साथ करावयाची वेळ आली तेव्हा त्याला काहीच येईना. मग दुसरा, समंजस गुरू मिळाला. त्याने खर्ज आणि आकडे ह्यांच्यापासून आरंभ केला, आणि वर्षांचे काम थोडक्या काळात झाले. गोष्ट रचलेली असेल. पण तिच्यातले दुःख कोणत्याही काळच्या शिकणाऱ्याला ओळखीचे वाटेल. नीटने पुढच्या, १७०६ सालच्या भागात एकच खर्जाची ओळ घेऊन तिच्यावर नाचाच्या चालींची सबंध मालिका कशी उभारावी हे दाखविले. थोर योहान सेबास्टियन बाख ह्याच्या शिकवणीतही नीटचे नियम वापरलेले आढळतात; आणि त्याचे शिष्य खर्जावर चार आवाज भरण्यापासूनच सुरुवात करीत, हे त्याच्याच मुलाने लिहून ठेवले आहे.

हा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल बाख. वाद्य खऱ्या रीतीने कसे वाजवावे ह्यावरचा त्याचा ग्रंथ बर्लिनमध्ये दोन भागांत निघाला, १७५३ आणि १७६२ साली. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात त्याने मुक्त वादनाचे रहस्य उघडे केले आहे. एका बाजूला खर्ज आणि आकडे ह्यांचा सांगाडा. दुसऱ्या बाजूला त्याच सांगाड्यावर फुललेली, तालाच्या बंधनातून सुटलेली सबंध रचना. आलापीसारखी भटकणारी ती रचना ऐकून जे केवळ प्रतिभेचे वाटते, त्याच्या पोटात किती साधा खर्ज चालत असतो हे पाहून नवल वाटते. ह्याच बाखने १७७९ ते १७८७ च्या दरम्यान सहा संग्रह काढले, ते ‘जाणकार आणि हौशी’ ह्या दोघांसाठी. हौशी ह्या अर्थी त्याने वापरलेल्या जर्मन शब्दाचा मूळ अर्थ आहे प्रेम करणारा. इंग्रजीतला ‘अमॅच्युअर’ हा शब्दही प्रेम ह्याच अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. हौशी म्हणजे कच्चा, हा अर्थ मागाहून चिकटला.

* * *

आता शास्त्रकारांकडे वळू. वादकांना वेगवेगळ्या खर्जावर कोणते स्वर घ्यावयाचे ह्याची एक सोपी सारणी पाठ असे. ती ‘सप्तकाचा नियम’ म्हणून १७१६ साली पॅरिसमध्ये कांपियों ह्याने छापली. खर्ज षड्जापासून चढत गेला तर हात साधारण असे पडत: सा वर सा-ग-प, रे वर रे-म-प-नी, ग वर ग-प-सा, म वर म-ध-सा-रे, प वर प-नी-रे, ध वर ध-सा-म, नी वर नी-रे-म-प, आणि पुन्हा सा. सात पायऱ्या, सात मुठी. बोटांना त्या वळणी पडल्या की कोणत्याही खर्जाखाली माणूस बुडत नसे.

त्यानंतर सहा वर्षांनी, १७२२ साली, झां-फिलिप रामो ह्या ऑर्गनवादकाचा स्वरसंवादावरचा प्रचंड ग्रंथ आला. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या ह्या माणसाने त्या सात मुठी उघडून पाहिल्या आणि विचारले, ग-प-सा आणि सा-ग-प ह्यांत फरक तो कोणता? स्वर तेच, फक्त खाली कोण बसला आहे एवढाच भेद. तसेच प-नी-रे, नी-रे-म-प आणि रे-म-प-नी ही एकाच पंचमाच्या घरातली माणसे. ध-सा-म हा मध्यमाचा. म-ध-सा-रे हाही मध्यमाचाच, एक पाहुणा बरोबर घेतलेला. म्हणजे सात मुठी तीन घरांत मावल्या: षड्जाचे घर, पंचमाचे घर आणि मध्यमाचे घर. घर सोडून मध्यमाकडे जावे, पंचमापाशी ओढ लागावी आणि षड्जावर परत यावे, ह्या येरझारेत त्या संगीताचा श्वासोच्छ्‌वास आहे, हे रामोने दाखविले. हे दर्शन खरोखर मोठे होते. पण एक गोष्ट विसरू नये. रामोला जे दिसले ते वादकांच्या बोटांना शंभर वर्षे ठाऊक होते. व्याकरण भाषेच्या मागून येते, तसेच हे.

आणि पुढे घोटाळा झाला तो इथेच. एकोणिसाव्या शतकात छापील संगीत स्वस्त झाले, पियानो मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात आला, आणि रचनाकार प्रत्येक स्वर लिहून देऊ लागला. साथीदाराचे स्वातंत्र्य संपले. खर्जावरचे आकडे छापण्याचे कारण उरले नाही. नेपल्सचे आश्रम एकेक करून मिटले आणि १८०८ च्या सुमारास त्यांचे एकच सरकारी विद्यालय झाले. कॉर्डांना रोमन आकड्यांनी ओळखण्याची रीत ज्याच्या १८१७ ते १८२१ मधल्या ग्रंथाने पसरली, तो गॉटफ्रीड वेबर पेशाने वकील व न्यायखात्यातला अधिकारी होता. हौशी माणसाने व्यावसायिकांना पुरवलेले हे अस्त्र! अस्त्र उत्तम होते. पण शाळांनी ते वाद्यापासून तोडले. मुले मेजावर बसून, पेन्सिलीने कॉर्डांना आकडे लावू लागली. जी विद्या हातात होती ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गेली. पार्तिमेंतोच्या वह्या ग्रंथालयांत पडून राहिल्या. आणि त्यांच्यात उत्तरे लिहिलेली नसल्यामुळे उघडणाऱ्यालाही त्या नीरस वाटल्या. रॉबर्ट येर्डिंगेन आणि जॉर्जिओ सांग्विनेत्ती ह्यांच्यासारख्या संशोधकांनी २००७ आणि २०१२ साली काढलेल्या ग्रंथांमुळे त्यांचे मोल पुन्हा सर्वांच्या ध्यानी आले. मधल्या काळात ही वृत्ती जिवंत राहिली ती चर्चमधल्या ऑर्गनवाल्यांकडे, आणि पुढे अमेरिकेतल्या जाझवाल्यांकडे. गाण्याची ओळ आणि तिच्यावर कॉर्डची नावे, एवढ्याच कागदावर रात्रभर वाजविणारा जाझचा पियानोवादक हा आगाझारीचाच वारस होय.

* * *

आपल्याकडे काय झाले? पॅरिसच्या द्‌बँ ह्याने १८४२ साली ज्याचे पेटंट घेतले ते हार्मोनियम पायांनी भाता चालवून, दोन्ही हातांनी वाजवावयाचे वाद्य होते. डावा हात खर्ज व कॉर्ड यांसाठी, उजवा चालीसाठी. कलकत्त्यात १८७५ च्या सुमारास द्वारकानाथ घोष ह्यांनी त्याची हातपेटी केली, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या देशाला ती एकदम मानवली. पण त्या बदलात डावा हात भात्यावर गेला! कॉर्ड वाजवावयाचा हातच आपण हवा घालण्याच्या कामाला लावला. ह्यात नुकसान झाले असे मात्र नाही. आपल्या गायकाला चालता खर्ज नकोच होता. खर्ज चालला की रागाची जमीन सरकते. मराठी संगीत रंगभूमीवर पायपेटी व ऑर्गन आले, दोन्ही हात पुन्हा मोकळे झाले, तरी ते मुख्यत्वे गाण्याच्याच मागे धावले. गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्यांनी पेटीला जे वैभव दिले ते एका हाताच्या, एकाच चालीच्या नजाकतीतून दिले.

चालता खर्ज आपल्या बाजूला आला तो गोव्यातून. तेथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे, गाणे व व्हायोलिन शिकवीत. तिथले कित्येक तरुण मुंबईत येऊन बँडांत, हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवी. तिच्याखाली कोणता खर्ज चालवावयाचा आणि वरती कोणाला कोणते स्वर द्यावयाचे, हे काम पुष्कळदा ह्या मंडळींचे. लाहोरच्या हॉटेलात बँड चालविणारे सेबास्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईला आले आणि ओ. पी. नय्यर व शंकर-जयकिशन ह्यांच्या गाण्यांची वाद्यरचना त्यांनी बांधली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी तर १९५८ साली मुंबईत आपला वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना त्याच्यासाठी लिहिल्या. उभा खर्ज आणि चालता खर्ज ह्यांचा मेळ घालण्याची ती धडपड होती. तो मेळ किती साधला ह्यावर रसिकांनी वाद घालावा. पण आपण जी चित्रपटगीते गुणगुणतो त्यांच्या तळाशी ह्या माणसांचा खर्ज वाहतो आहे, आणि पडद्यावर त्यांतल्या बहुतेकांची नावे कधी आली नाहीत.

तेव्हा घरात नव्या कीबोर्डपाशी बसलेल्या मुलाला, आणि त्याच्या शेजारी हळूच येऊन बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही, सांगावयाचे ते इतकेच. ते बटण काही दिवस बंद ठेवावे. बिलावल थाटातले, सगळे शुद्ध स्वर असलेले एखादे साधे बालगीत घ्यावे. उजव्या हाताने चाल वाजवावी आणि डाव्या हाताच्या एकाच बोटाने खर्जात फक्त सा, म किंवा प ह्यांतला एक स्वर धरावा. कोठे कोणता, हे कानाला विचारावे. कान फार लवकर सांगू लागतो. मग सा वर सा-ग-प, म वर म-ध-सा, प वर प-नी-रे अशी मूठ भरावी. ह्या तीन मुठींत सप्तकाचे सातही स्वर येतात, म्हणून चालीतला कोणताही स्वर उपाशी राहत नाही. पहिल्या दोन मुठींत षड्ज सामाईक आहे, पहिल्या व तिसऱ्या मुठीत पंचम. ते बोट जागचे न उचलता बाकीची सरकवावीत. हात वळला की मुठी सुट्या करून झुळझुळत सोडाव्या. नंतर खर्जात कधी सा च्या जागी ग, कधी प च्या जागी नी ठेवून पाहावा. घर तेच, दार निराळे. आणि मग एके दिवशी चाल सोडून द्यावी, खर्ज तेवढा चालू ठेवावा, आणि उजव्या हाताला म्हणावे, आता तुझे तू गा.